यातलं कुठलं घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या रिपेअरिंगच्या वर्गात दर बॅचला कुणीतरी सोल्डरची, म्हणजे वितळवून पार्ट जोडायच्या तारेची, दोन रिळं पुढे धरतंच: "सर, शिसंवालं घेऊ की बिनशिशाचं? शिशाचा धूर वाईट म्हणे."

धुराचं आधी मिटवू. आपलं बिट, म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक, तापतं साडेतीनशे अंशांच्या आसपास. शिसं उकळायला सतराशेच्या वर जावं लागतं. तो धूर फ्लक्सचा, म्हणजे टाका नीट धरावा म्हणून तारेत भरलेल्या राळेचा. दम्याच्या माणसाला तो त्रास देतो, पण बिनशिशाच्या तारेतूनही तो निघतोच. शिसं पोटात जातं ते बोटांवाटे. सोल्डर धरलेल्या हातानं वडापाव खाऊ नका, एवढंच.

मग शिसं काढलं कशाला? युरोपीय संघाचा 'रोह्स' नियम १ जुलै २००६ला लागू झाला: विकायच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या कुठल्याही एकजिनसी भागात वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त शिसं नको. मी तेव्हा भोसरीत एका कारखान्यात लाइनवर होतो, आमचे सर्किट बोर्ड जर्मनीला जायचे. जुनं सोल्डर ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. १८३ अंशांना पाण्यासारखं व्हायचं आणि थंड होताना झटकन धरायचं. नव्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं; वितळणार २१७च्या पुढे. चौतीस अंश ऐकायला किरकोळ वाटतात. कनेक्टरचं प्लास्टिक वाकायला लागलं तेव्हा कळलं. बिटंही भराभर जायची, कारण वितळलेलं कथील बिटावरचा लोखंडाचा थर खातं आणि इथे कथीलच कथील. चांदीचा भाव तर विचारूच नका.

सगळ्यात गंमत इन्स्पेक्शनच्या ताईंची. वीस वर्षं चकाकता टाका म्हणजे पास, मळकट म्हणजे ड्राय, नीट न धरलेला, हे त्यांच्या डोळ्यांत बसलेलं. नवा टाका मुळातच मळकट, खरखरीत. पहिल्या लॉटवर त्यांनी लाल बाणांचा पाऊस पाडला. "अहो, सगळे ड्राय!" एकही नव्हता. डोळे बदलायला महिना गेला.

माझी आजी मात्र कल्हईवाल्याला भांडी देताना बजावायची, "कथील चोख हवं, शिसं मिसळलेलं नको." नवसागर हा त्याचा फ्लक्स. म्हणजे बिनशिशाचं सोल्डरिंग आमच्या दारात केव्हाचंच चालू होतं.

खरं सांगतो, हाताला जुनंच बरं. शिसं काढलं की कथलाला केसासारखे तंतू फुटून शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. लष्करी आणि अवकाशातली उपकरणं त्या नियमातून वगळलेली आहेत. तरी नियम योग्यच होता. तो सोल्डर करणाऱ्यापेक्षा बोर्ड फेकल्यावर तो ज्याच्या हाती पडतो त्याच्यासाठी होता. दिल्लीच्या सीलमपूरला हेच बोर्ड तापवून पार्ट सुटे करतात, उघड्या हातांनी. आपल्याकडे ई-कचरा नियमांतून तीच मर्यादा १ मे २०१४पासून आली.

तेव्हा शिकायला ६३-३७ घ्या. जुना रेडिओ, ॲम्प्लिफायर त्यानंच दुरुस्त करा. विकायचा नवा माल बिनशिशाच्या तारेनं. दोन्हींची बिटं आणि स्पंज वेगळे ठेवा, भेसळ नको. आणि टेबलावर सांडलेले थेंब केराच्या डब्यात टाकू नका. माझ्या कपाटाखाली एक जुना बोर्नव्हिटाचा डबा आहे, त्यात टाका.