अण्णांचं 'आम्ही'

युनियनची सभा संपून चार तास झाले, तरी अण्णांचं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. "आम्ही तुमच्यासाठीच भांडतोय ना? मग विश्वास ठेवा की." बाकीच्यांना त्यात काही वावगं वाटलं नसेल. मला तो 'आम्ही' लागला. इतकी वर्षं अण्णांच्या तोंडी 'आपण' असायचं. आपली मागणी, आपला करार, आपण वाकायचं नाही. आज एकदम आम्ही आणि तुम्ही.

मॅनेजमेंटबरोबरचा जुना पगारकरार संपून १४ महिने झाले. मागणीपत्र सगळ्यांनी मिळून केलं होतं, मूळ पगारात १८ टक्के वाढ. त्यानंतर प्रत्येक सभेत तेच, बोलणी चालू आहेत, वातावरण चांगलं आहे. आज दादा उठले आणि सरळ म्हणाले, "मॅनेजमेंटने आकडा काय दिलाय, तेवढं सांगा." अण्णांनी समोरचा कागद उलटा केला आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. मी दुसऱ्या रांगेत होते म्हणून दिसलं.

गुप्तता का लागते ते मला कळतं. आपण कुठवर खाली यायला तयार आहोत हे बाहेर फुटलं, तर समोरचे तिथूनच सुरुवात करणार. पण त्यांनी दिलेला आकडा त्यांना ठाऊकच आहे. मग तो कागद उलटा केला तो कुणासाठी? फिरून फिरून इथेच येते मी.

पाळीत कुजबुज आहे ती अशी: तीन वर्षांत १२ टक्के. पहिल्या वर्षी २, मग ३, मग ७. शिवाय थकबाकीच्या जागी एक ठोक रक्कम. रात्री सभेच्या पत्रकाच्या पाठीमागे मांडून बघितलं. दरवर्षी ४ टक्के मिळाले तरी तिसऱ्या वर्षीचा पगार जवळजवळ तेवढाच होतो. पण तीन वर्षांत हातात पडणारा पैसा जुन्या पगाराच्या हिशेबाने अर्ध्या महिन्याहून जास्त कमी भरतो, कारण मोठी वाढ शेवटी ढकललीय. आणि ठोक रक्कम मूळ पगारात जात नाही. पुढची टक्केवारी तिच्यावर चढत नाही. एकदा मिळाली की संपली.

हा हिशेब मला अण्णांनीच शिकवला. त्यांच्या अभ्यासवर्गाची वही अजून आहे माझ्याकडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ९८ क्रमांकाचा करार, १९४९, सामूहिक वाटाघाटीचा हक्क. 'सामूहिक' या शब्दाखाली त्यांनी फळ्यावर दोन रेघा मारल्या होत्या, त्या मी वहीतही मारल्या. एकदाही वर्गणी चुकवली नाही मी. मागच्या संपात तर घरी जे झालं ते... जाऊ दे.

खूप एकटं वाटलं आज. मॅनेजमेंटने दार लावलं तर त्याचं काही वाटत नाही, ते लावणारच. हे दार आतून लागल्यासारखं वाटलं.

उद्याच्या सभेसाठी प्रश्न चिठ्ठीवर लिहायला घेतला. 'अण्णा, तुम्ही लोकांनी काय ठरवलंय?' वाचून पाहिलं आणि थांबले. तुम्ही लोक. समितीच्या निवडणुकीत उभी राहा म्हणून अण्णा दोनदा घरी आले होते. मी नाही म्हटलं. अडचण खरी होती, पण नाही म्हटलं हेही खरं. गेल्या चार सभांपैकी दोनांना मी नव्हते. वाटाघाटीच्या टेबलापलीकडे वकील, हिशेबनीस, सगळे ताजेतवाने. अलीकडे अण्णा आणि दोघं, पाळी करून गेलेले, रात्री अकरापर्यंत. माणूस थकला की बाहेरच्यांना 'तुम्ही' म्हणत असेल.

म्हणून कागद उलटा ठेवणं बरोबर ठरत नाही. त्यांचा राग अजून येतोच आहे मला. पण उद्या ओरडणार नाही.

नवी चिठ्ठी केली. 'मॅनेजमेंटचा प्रस्ताव सभेत पूर्ण वाचून दाखवावा. सही करण्याआधी सगळ्यांचं मतदान घ्यावं. बोलणीला जाताना आपल्यापैकी आणखी दोघांना सोबत न्यावं, मी यायला तयार आहे.' हे शेवटचं लिहिताना हात जरा अडखळला. दादांना फोन करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खाली माझंही नाव टाक."

टाकलं. चिठ्ठी गणवेशाच्या खिशात ठेवलीय. सकाळची पाळी आहे, पावणेसहाला निघायचंय.