आजचा सराव आणि घडीचा चाकू

सिनावाली (दोन काठ्यांचा विणल्यासारखा सराव) संपल्यावर आज बोलणं चाकूवर घसरलं. साहजिकच आहे. अर्निसमध्ये (2009 पासून फिलिपिन्सचा राष्ट्रीय खेळ) 28 इंची वेताच्या काठीचे कोन तेच पुढे पात्यालाही लागतात.

घडीचा चाकू घेताना धार, रंग नंतर. आधी लॉक (उघडं पातं मिटू न देणारा भाग) बघा. लायनर लॉकमध्ये मुठीतली पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. ती नुसती कडेला चिकटली असेल तर दाबाने सटकते. नवीन चाकूतच पार पलीकडे पोचली असेल तर झिजायला जागा उरलेली नाही. मग पातं वर-खाली हलवा. टकटक जाणवली की सरळ परत करा. आडवी डुगडुग मात्र बिजागरीचा स्क्रू किंचित आवळला की बहुधा जाते. जास्त आवळलात तर पातं उघडायला जड जातं.

काठीवाल्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे घट्ट पकडीत मूठ पिळली की बोटाचं मांसच पट्टीला बाजूला ढकलतं. बॅक लॉकला (यात मुठीच्या पाठीवरची पट्टी पात्याच्या खाचेत बसते) ही भीती कमी, पण खाचेत खिशातला भुगा साचला की तोही अर्धवटच बसतो. टूथपिकने काढा.

आणि हो, जोडीचा सराव ट्रेनरवरच, म्हणजे सरावाच्या बोथट चाकूवरच, डोळ्यांना गॉगल लावून.