कात्री की पक्कड?

माझ्या चाव्यांच्या जुडग्याला लटकणारं छोटंसं साधन दिसलं की कुणी ना कुणी विचारतंच, “रोज जवळ ठेवायला कोणतं मल्टिटूल, म्हणजे एकातच अनेक अवजारं असलेलं साधन, घेऊ?” विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. नाव मी सांगते, पण त्याआधी एवढंच विचारते, की तुम्हाला कात्री जास्त लागते की पक्कड? कंपनी, रंग, अवजारांची संख्या हे सगळं त्यानंतर. खिशात मावणाऱ्या साधनात या दोघींपैकी एकच दणकट असते. दुसरी असलीच तर वेळ निभावण्यापुरती.

कात्रीवाले घडीचे चाकू आणि पक्कडवाली साधनं, या दोन घराण्यांचा जन्मच वेगवेगळ्या अडचणींतून झाला. कार्ल एल्सनर या स्विस कारागिरानं १८९१ मध्ये आपल्या सैन्याला घडीचे चाकू पुरवायला सुरुवात केली. सैनिकांना डबे फोडायचे असत, रायफल खोलायची असे, म्हणून पात्याच्या जोडीला त्या कामाची अवजारं आली. टिम लेदरमन हा अमेरिकन माणूस १९७५ मध्ये जुन्या फियाटमधून युरोपात फिरत होता. गाडी कुरकुरत होती, हॉटेलांचे नळ गळत होते आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. त्यानं बनवलेलं पक्कडवालं साधन १९८३ मध्ये विक्रीला आलं. दोघांनाही आधी काम दिसलं होतं.

मी उलट्या बाजूनं गेले. पहिल्या खरेदीत सगळ्यात जास्त अवजारं असलेलं, पाव किलोच्या आसपास वजनाचं साधन घेतलं. ते आठवडाभर पर्समध्ये राहिलं, मग खांदा दुखायला लागला म्हणून ड्रॉवरमध्ये गेलं. एके दिवशी मावशीबरोबर दवाखान्याच्या रांगेत बसले असताना तिच्या चष्म्याची दांडी निखळली. स्क्रू तिच्या मांडीवर पडला होता, तिळापेक्षाही लहान. मी नखानं उचलायला गेले तर तो साडीच्या निरीत घरंगळला. शेजारच्या आजींनी पिशवीतून लाल मुठीचा चाकू काढला. मुठीच्या टोकातून बारीक चिमटा ओढला, त्यानं स्क्रू अलगद उचलून बिजागरीच्या भोकात बसवला. मग बुचं काढायच्या मळसूत्राच्या वेढ्यांत अडकवलेला, काडीएवढा स्क्रूड्रायव्हर फिरवून बाहेर काढला आणि तीन वेढ्यांत दांडी घट्ट केली. बुचाच्या बाटलीशी माझा कधी संबंध येत नाही, तरी त्या मळसूत्राकडे मी त्या दिवसापासून आदरानं बघते. आवळून बसलेली गाठ सोडवायलाही त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

घरी आल्यावर मी एका कागदावर नोंद ठेवायला लागले. दोन आठवडे, ज्या ज्या क्षणी हात अवजार शोधायचा तो क्षण लिहून काढायचा. पार्सलची चिकटपट्टी, कपड्याचा लोंबता धागा, औषधाच्या पट्टीचा कोपरा, बोटात गेलेलं कुसळ, खेळण्यातल्या बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू, तुटलेलं नख. कात्रीचं नाव पुन्हा पुन्हा आलं, पक्कड दोनदाच, आणि दोन्ही वेळा मी घरी होते. तुमची यादी वेगळी निघेल. सायकल, वायरिंग, मासेमारीचा गळ यांत रमणाऱ्यांची तर नक्कीच. पण यादी करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माझ्या यादीला उत्तर मिळालं ते त्याच एल्सनरच्या कंपनीच्या, व्हिक्टोरिनॉक्सच्या, ‘क्लासिक एसडी’ या छोट्या चाकूमध्ये. बंद असताना ५८ मिलिमीटर लांब, वजन वीस-बावीस ग्रॅम. लहान पातं, कात्री, नखाची कानस, तिच्या टोकाला सपाट स्क्रूड्रायव्हर, चिमटा आणि दात कोरायची काडी. माझ्या बहुतेक कपड्यांना खिसाच नसतो, त्यामुळे चाव्यांच्या कडीत अडकणारं साधन हीच माझी पहिली अट. ज्यांच्या यादीत पक्कड वर येईल त्यांनी लेदरमन किंवा गर्बर या कंपन्यांची छोटी, पक्कडवाली साधनं हातात घेऊन बघावीत. पकडीची टोकं प्रकाशासमोर धरा. ती मिटल्यावर मधून उजेड दिसता कामा नये.

निवडताना लांबीपेक्षा जाडी बघा. घडीच्या चाकूत अवजारांचे थर असतात, नवा थर आला की जाडी वाढते. दोन थरांचा चाकू खिशात विसरायला होतो, पाच थरांचा बसताना टोचतो. स्क्रूड्रायव्हरच्या बाबतीत घरातले स्क्रू आधी पाहून घ्या. हल्ली बॅटरीच्या झाकणांना बहुधा प्लसची खाच असते. सपाट टोक त्यात कसंबसं बसतं, पण जोर लावला की घसरून खाच झिजवतं.

आता पात्याचं. छोट्या साधनांतली पाती बहुधा नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उघडी राहतात, त्यांना उघडं पातं जागेवर अडकवून ठेवणारा खटका नसतो. मी एकदा प्लास्टिकच्या कडक वेष्टनात पात्याचं टोक खुपसलं. टोक अडकलं, पातं मिटलं आणि तर्जनीच्या पेरावर बसलं. जखम भरायला बरेच दिवस लागले. अशा पात्यानं कापायचं, भोसकायचं नाही. जोराची कामं करायची असतील तर खटक्याचं पातं घ्या, पण आधी तुमच्याकडचा कायदा बघा. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, कारणाशिवाय जवळ बाळगायची परवानगी फक्त घडीच्या, बिनखटक्याच्या आणि ३ इंचांपर्यंतच्या पात्याला आहे. विमानानं जाताना पातं असलेलं साधन सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको. निघायच्या आदल्या रात्रीच ते जुडग्यातून सोडवून ठेवा. विमानतळावर घाईत ते राहूनच जातं.

आणि घेतल्यावर त्याची निगा राखा. स्टेनलेस असलं तरी घाम आणि मीठ साचलं की सांध्यात गंज धरतो. महिन्यातून एकदा मी ते कोमट पाण्यात धरून सगळी अवजारं पाच-सहा वेळा उघडते-मिटते. आत अडकलेला कापूस आणि धूळ पाण्यावर तरंगून येते. नीट वाळलं की प्रत्येक सांध्यात मशीनच्या तेलाचा एकच थेंब. फळ कापायचं असेल तर मात्र खाण्याजोगं पांढरं खनिज तेल वापरा. मग कात्री मिटताना तिची स्प्रिंग पुन्हा पहिल्यासारखी टकटक वाजते.