स्मेना ८एम : उजेडाचा अंदाज शिकवणारा स्वस्त कॅमेरा

फिल्मवर छायाचित्रण शिकू पाहणाऱ्यांना बहुधा जुना, मजबूत एसएलआर (लेन्समधूनच दृश्य दाखवणारा) कॅमेरा घेण्याचा सल्ला दिला जातो. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्याला उजेडाचा अंदाज स्वतःच्या डोळ्यांनी घ्यायला शिकायचे आहे, त्याने आधी सोव्हिएत काळात लेनिनग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) लोमो कारखान्यात तयार झालेला स्मेना ८एम हाताळावा, असे मी आग्रहाने सांगेन. १९७० साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याचे दोन कोटींहून अधिक नग तयार झाले आणि त्यामुळेच जुन्या ३५ मिमी कॅमेऱ्यांमध्ये तो आजही अतिशय स्वस्तात मिळतो.

त्याचा सांगाडा प्लास्टिकचा असून त्यात बॅटरी नाही, लाइट मीटर (उजेड मोजणारे साधन) नाही आणि अंतर मोजण्याची सोयही नाही. ४० मिमी, एफ/४ लेन्समध्ये तीन भिंगे आहेत आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारे छिद्र, एफ/८ किंवा त्याहून लहान ठेवल्यास (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) ती किमतीच्या मानाने फारच सुबक चित्र देते.

त्याच्या रचनाकारांची खरी बुद्धिमत्ता मला शटरच्या, म्हणजे फिल्मवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते ठरवणाऱ्या झडपेच्या, कड्यावर दिसते. १/१५ ते १/२५० सेकंद या प्रत्येक वेगाला तिथे हवामानाचे एकेक चित्र जोडलेले आहे : लख्ख सूर्यासाठी १/२५०, आभाळ दाटत जाईल तसा क्रमाने निम्मा होत जाणारा वेग आणि पावसाळी अंधारासाठी १/१५. लेन्सच्या पुढच्या कड्यावर फिल्मची संवेदनशीलता (फिल्म उजेडाला किती चटकन प्रतिसाद देते त्याचा आकडा) लावली की अ‍ॅपर्चर आपोआप ठरते. संवेदनशीलता २५० असेल तर एफ/१६, १३० ला एफ/११, ६५ ला एफ/८. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवून शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका (२५० च्या फिल्मला १/२५० सेकंद) निवडावा, हा छायाचित्रकारांचा जुना नियमच या दोन कड्यांत उतरवलेला आहे, आणि तो बोटांनी फिरवून शिकता येतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मात्र ती चित्रे आभाळाची आहेत, समोरच्या माणसावर पडलेल्या उजेडाची नव्हेत. वैशाखातल्या दुपारी कोणी झाडाच्या मोकळ्या सावलीत उभे असेल, तर आकाश निरभ्र असूनही उजेड साधारण तीन टप्प्यांनी (प्रत्येक टप्प्याला निम्मा होत) उतरतो आणि कडे १/२५० वरून १/३० वर आणावे लागते. हा फरक एकदा नजरेत बसला की मीटर नसल्याची अडचण फारशी जाणवत नाही, कारण निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त उजेड सहज सोसते. कमी उजेड मात्र तिला मानवत नाही.

फोकसही अंदाजानेच करायचा असतो. एफ/११ वर अंतर पाच मीटर लावले, तर सुमारे अडीच मीटरपासून पुढचे सारे पुरेसे स्पष्ट येते, म्हणून रस्त्यावरच्या चित्रणासाठी मी हीच मांडणी सुचवतो. जवळून व्यक्तिचित्र काढताना मात्र अंतर नीट जोखावे लागते. फिल्म पुढे सरकवणे आणि शटर ताणणे या येथे दोन स्वतंत्र क्रिया आहेत, त्यामुळे एकाच चौकटीवर मुद्दाम दोनदा चित्र घेता येते.

विकत घेताना मागचे झाकण उघडून १/१५ आणि १/२५० हे दोन्ही वेग चालवून पाहावेत. दोन्हींतला फरक कानांना स्पष्ट कळला पाहिजे आणि शटरच्या पात्यांवर तेलाचे डाग असता कामा नयेत. झाकण सैल बसत असेल, तर असा कॅमेरा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.