१७ ऑगस्टवर अडकलेला टॅब

मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात तक्रारी ठरलेल्या असतात. चार्ज होत नाही, डिस्प्ले गेला, पाण्यात पडला, लोगोवर अडकलाय. आणि सगळ्यात लाडकी तक्रार म्हणजे ‘मी काहीच केलं नाही ओ, आपोआप झालं’. कराडला एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. नवरात्राच्या थोडं आधी एक ताई जी तक्रार घेऊन आल्या, ती मात्र मी कधी ऐकली नव्हती.

पाटणकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या त्या सचिव. कापडी पिशवीतून आठ इंची टॅब काढून काउंटरवर ठेवला. मागच्या बाजूला नेलपॉलिशने गटाचं नाव लिहिलेलं.

“दादा, ह्यात केलेली नोंद राहत नाही. सोमवारी बैठकीत लिहायची आणि दोन-तीन दिवसांनी उघडून बघावं तर गायब.”

“सेव्ह करता ना ताई?”

“करते की. करून दाखवू?” त्यांनी एक्सेलची फाइल उघडली, एका सभासदाच्या नावापुढे २०० रुपये बचत टाकली, सेव्ह केलं, बंद करून परत उघडलं. आकडा होता. “आत्ता आहे. एकदा बंद पडून चालू झाला की नसणार.”

मग आवाज जरा खाली आणून त्यांनी खरं दुखणं सांगितलं. गटातल्या एका मावशींनी दहा हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं होतं. त्यांचे ऑगस्टअखेरचे आणि सप्टेंबरचे हप्ते फाइलमध्ये दिसत नव्हते. ताई दर वेळी आठवून नोंद परत करायच्या, ती परत जायची. अशाच एका आठवणीच्या नोंदीत कुणाच्या तरी ३०० चे २०० झाले, आणि तिथून कुजबुज सुरू झाली. कागदी रोकड वही होती, पण ती महिनाअखेरीला टॅबवरूनच उतरवायची पद्धत पडलेली. म्हणजे टॅब चुकला की वहीही चुकली.

“पैसे खाल्ले असं तोंडावर कुणी म्हणत नाही,” ताई म्हणाल्या. “पण मी आले की बोलणं थांबतं. टॅब दुरुस्त नाही झाला तरी चालेल दादा. हे असं का होतंय तेवढं मला बायकांना सांगता आलं पाहिजे.”

बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या रांगेत पाचवं सूत्र नियमित हिशोब लेखनाचं असतं. माझ्या आईच्या गटामुळे मला हे पाठ आहे. ज्या बाईच्या हातात लेखन, तिच्यावर सगळ्यांची नजर. त्यामुळे टॅब ठेवून घेताना बाकीचे सेट मी बाजूला सरकवले.

टॅब अँड्रॉइड ६ वर चालणारा, १६ जीबीचा, गटाच्या पैशातून सेकंडहँड घेतलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही कंपनीच्या सेटमध्ये घडू शकतं. ‘चाळीस टक्के असला तरी मधेच बंद पडतो’ हे ताईंनी जाता जाता सांगितलं होतं, म्हणून आधी बॅटरीकडे गेलो. कडांना गरम हवा देऊन डिंक सैल केला, पिक फिरवून मागचं झाकण उघडलं. सेल किंचित फुगलेला. मीटरवर ३.७ व्होल्ट, म्हणजे दिसायला ठणठणीत. ब्राइटनेस पूर्ण करून व्हिडिओ लावला तसा आकडा घसरत ३.२ वर आला आणि टॅब बंद. म्हातारा सेल असंच करतो. बसल्या जागी बरा, लोड आला की मान टाकतो. नवीन सेल टाकला, तोच व्हिडिओ परत चालवला, टॅब हलला नाही.

इथेच बिल करून टॅब परत दिला असता, तर आठवडाभर तरी ताईंना वाटलं असतं की काम झालं. टॅब मधेच बंद पडायचा थांबला की नोंदीही टिकल्यासारख्या दिसल्या असत्या. पण त्या बंद पडण्याची तक्रार घेऊन आल्याच नव्हत्या. मी ‘चाचणी’ नावाचा फोल्डर केला आणि टॅब रीस्टार्ट केला. फोल्डर नाही.

आता मजा वाटायला लागली. गॅलरीत एका म्हशीचे बरेच फोटो होते, बहुधा कर्जातून घेतलेली. त्यातल्या एकाच फोटोच्या दोन प्रती होत्या, त्यातली एक उडवली. रीस्टार्ट. म्हैस परत हजर. वॉलपेपर बदलला, रीस्टार्ट, जुनाच. मग सगळ्या फाइल तारखेप्रमाणे लावून बघितल्या. सगळ्यात शेवटची फाइल १७ ऑगस्टची. फोटो १७ ऑगस्टपर्यंतचे, गटाच्या ग्रुपवरचे निरोप १७ ऑगस्टपर्यंतचे, हिशोबाची फाइलही त्याच दिवशी शेवटची बदललेली. वर कोपऱ्यात घड्याळ मात्र आजचीच तारीख आणि वेळ बरोबर दाखवत होतं, कारण घड्याळाची सोय पॉवर आयसीमध्ये, म्हणजे वीज सांभाळणाऱ्या चिपमध्ये, वेगळी असते. बाकी अख्खा टॅब रोज उठून १७ ऑगस्टलाच जागा होत होता.

आमच्या धंद्यात अशा वेळी हात शिवशिवतात ते ‘सॉफ्टवेअर मारायला’, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्याने चढवायला. काहीही कळलं नाही की सॉफ्टवेअर मारायचं, हा कराडपासून कोल्हापूरपर्यंत चालत आलेला रामबाण. पण गिऱ्हाइकाचा हिशोब आत असताना कुणी रीसेट मारत असेल तर त्याच्याकडे मी तरी फोन टाकणार नाही. केबल लावून सगळ्या फाइल आधी कॉम्प्युटरवर घेतल्या. वाचायला काहीच अडत नव्हतं, एकही फाइल खराब निघाली नाही. एक्सेलची फाइल कॉम्प्युटरवर उघडून १७ ऑगस्टपर्यंतच्या नोंदी नीट आहेत ना ते बघितलं. मग ताईंना फोन करून विचारलं, आणि त्यांनी हो म्हटल्यावर रिकव्हरीत जाऊन फॅक्टरी रीसेट मारला.

स्क्रीनवर आलं, ‘डेटा वाइप कम्प्लीट’. रीबूट केला. लोगो आला, गेला, आणि समोर तोच वॉलपेपर. गॅलरीत म्हैस.

कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे टॅबचं मूळ सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं आणि कॉम्प्युटरवरून टॅबवर चढवलं, म्हणजे फ्लॅश मारला. पट्टी पूर्ण भरली, शेवटी हिरव्या चौकोनात ‘पास’. चालू केला, म्हैस. दुकानातला पोरगा म्हणाला, “भुताटकी हाय ही.” खरं सांगायचं तर ज्याला आतला प्रकार माहीत नाही त्याला दुसरं काय वाटणार?

टॅबमधली साठवण म्हणजे ईएमएमसी नावाची एक आयसी असते. तिच्या आत फ्लॅश मेमरी आणि ती सांभाळणारा कंट्रोलर, दोन्ही एकत्र. फ्लॅशच्या प्रत्येक ब्लॉकवर लिहिणं-पुसणं ठरावीक वेळाच जमतं, काही शे ते काही हजार वेळा. ब्लॉक दमला की कंट्रोलर राखीव साठ्यातला एक ब्लॉक त्याच्या जागी लावतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. मेमरी गच्च भरलेली असली की उरलेल्या जागेत फिरवाफिरव जास्त होते आणि झीज वाढते. या टॅबमध्ये तर गुड मॉर्निंगच्या फोटोंनी पाऊण मेमरी खाल्लेली. राखीव साठा संपला की बऱ्याच आयसी स्वतःला कुलूप लावून घेतात. वाचा खुशाल, लिहू देणार नाही. काही आयसी तशी एररही देत नाहीत. ‘लिहिलं बरं का’ म्हणतात आणि सोडून देतात. रीसेट आणि फ्लॅश ‘यशस्वी’ झाले होते ते असे.

मग ताईंना सेव्ह केलेला आकडा दिसायचा कसा? अँड्रॉइड जे लिहितं ते आधी रॅममध्ये, म्हणजे टॅब चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवतं आणि परत मागितलं की तिथूनच देतं. जोवर टॅब चालू, तोवर नोंद जिवंत. जुन्या सेलमुळे टॅब बंद पडला की रॅम कोरी. दोन वेगवेगळे बिघाड एकमेकांच्या गळ्यात पडले होते, आणि नाव ताईंचं खराब होत होतं.

खात्री करायला बोर्डवर आयसीच्या शेजारच्या टेस्ट पॉइंटना केसाएवढ्या तारा सोल्डर केल्या. कमांड, क्लॉक, डेटा आणि सप्लाय. आयसी वाचायचं यंत्र असतं, त्याला आम्ही बॉक्स म्हणतो. त्याला जोडून आयसी थेट वाचली. ईएमएमसी ५.० पासून आयसी स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, आयुष्य दहा-दहा टक्क्यांच्या पायरीने. इथे शेवटची पायरीही ओलांडलेली होती, आणि राखीव ब्लॉकच्या रकान्यात ‘अर्जंट’. हाती होती तोवरच पूर्ण आयसीची कॉपी काढायला लावली. एका डेटा लाइनवरून सोळा जीबी. जेवून आलो तरी चालूच होतं.

कॉपी झाली, म्हणजे आता नवीन आयसी टाकून मोकळं व्हायचं. पण मी तारा काढल्या, टॅब तसाच बंद केला आणि ताईंना फोन लावला. दुरुस्त झालेला टॅब दाखवून त्या बायकांना काय सांगणार होत्या? ‘आधी खराब होता’ म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने विश्वास ठेवायचा. बिघडलेला टॅब हाच त्यांच्याजवळचा पुरावा होता. म्हटलं, “दुरुस्तीच्या आधी बायकांना घेऊन या. ज्यांचा हप्ता दिसत नाही त्या मावशी तर पाहिजेतच.”

बाजाराच्या दिवशी सहा-सात जणी आल्या. दुकानात उभं राहायला जागा नाही, निम्म्या पायरीवर. मावशी काउंटरला टेकून थेट म्हणाल्या, “आमी भरल्यालं पैसं कुटं ग्येलं, त्येवढं सांग.”

मी टॅब त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, “ह्या ताई हात लावणार नाहीत, मी पण नाही. तुम्हीच सगळ्यांचा एक फोटो काढा.” मावशींनी काढला, दोघींची डोकी कापलेला. सगळ्यांनी बघितला. “आता हे बटण दाबून बंद करा आणि चालू करा.” टॅब चालू होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. गॅलरी उघडली. त्यांचा फोटो नाही, शेवटी म्हैस.

“ही तर सुमनची म्हस,” मागून कुणीतरी म्हणालं.

मग म्हशीचा फोटो मावशींकडूनच उडवून घेतला आणि परत चालू केल्यावर म्हैस दाखवली. त्यांना अजून पटेना. एकीकडे आधार कार्डाची लॅमिनेट केलेली झेरॉक्स होती, ती मागून घेतली. त्यावर स्केचपेनने १००० लिहिलं, मावशींना वाचायला लावलं, आणि ओल्या फडक्याने पुसलं. आकडा गेला, खालचं छापलेलं तसंच. “१७ ऑगस्टला ह्या टॅबचं असं लॅमिनेशन झालं. त्यानंतर ताई जे लिहितायत ते वरच्या प्लास्टिकवर.”

मावशी कार्ड उलटसुलट करून बघत राहिल्या. मग ताईंकडे वळून म्हणाल्या, “मग तू आदी बोलायचं न्हाईस व्हय ग?” ताई काय बोलणार? दोन महिने त्या तेच बोलत होत्या.

पुढचं काम माझ्या सवयीचं. गरम हवेखाली आयसीच्या कडेचा डिंक सोडवून खरवडला, मग आयसी उचलली. कारखान्यातलं बिनशिशाचं कथील २१७ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून शेजारच्या भागांवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावून हळू जावं लागतं. नवीन ३२ जीबीच्या आयसीला शिशाच्या कथिलाचे बॉल मारले, ते १८३ अंशांनाच बसतात. बसवण्याआधी सॉकेटमध्ये ठेवून काढलेली कॉपी तिच्यावर उतरवली, टॅब सुरू करणारे बूटचे दोन्ही भाग धरून. टॅब पहिल्या झटक्यात चालू झाला. फोल्डर केला, रीस्टार्ट, फोल्डर आहे. म्हशीचा जादा फोटो उडवला, रीस्टार्ट, गेला. पोरग्याने टाळी वाजवली.

१७ ऑगस्टनंतरचा हिशोब कुठल्याच आयसीत नव्हता, कारण तो कधी लिहिलाच गेला नव्हता. तो गटाने सभासदांच्या पासबुकांवरून आणि बँकेच्या स्टेटमेंटवरून पुन्हा उभा केला. मावशींच्या पासबुकात दोन्ही हप्त्यांपुढे ताईंची सही होती. ते पासबुक त्यांनी देवघरात ठेवलं होतं आणि भांडण चालू असताना एकदाही उघडलं नव्हतं.

बिलावरून जरा ओढाताण झाली. मी सेल आणि आयसीचे पैसे लावले, मजुरी अर्धी केली, तरी गटाच्या अध्यक्षांनी शंभर कमी करायला लावलेच. पावती मात्र मागून घेतली, वर ‘मेमरी आयसी बदलली’ असं स्पष्ट लिहायला लावून.

दिवाळीनंतर मावशी एकट्याच आल्या. रुमालात गुंडाळलेला एक मोबाईल पुढे केला. “नातवाचा हाय. ह्याचं बी तसंच लॅमिनेशन झालंय बग.” उघडला तर आतून पाणी ओघळलं. ओढ्यात पडला होता, आणि नातवाने आजीला सांगितलं होतं की आपोआप झालं.