घरापर्यंतचा खडीचा रस्ता: दोन कॉन्ट्रॅक्टर आणि तीन पावसाळे

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी आई एकटी असते, वय 74. डांबरी रस्त्यापासून अंगणापर्यंत साधारण 180 फुटांची वाट आहे, चढाची. आधी नुसती लाल मातीची होती आणि पावसाळ्यात रिक्षावाला खालीच थांबायचा, सिलेंडर, तांदळाचं पोतं सगळं कुणीतरी खांद्यावर वर आणायचं. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आईला ताप आला तर शेजारचा मुलगा आणि त्याचा भाऊ तिला खुर्चीत बसवून खाली घेऊन गेले. मी पुण्यात. फोनवर हे ऐकलं तेव्हा जे वाटलं ते अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं.

वाईट याचं वाटलं की रस्ता आम्ही त्याच वर्षी एप्रिलमध्ये करून घेतला होता! ज्यांची घरं अशी आत आहेत आणि मालक मुंबई-पुण्यात बसून फोनवर काम देतात त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय.

पहिला कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून मिळाला. "ताई, चार डंपर खडी टाकतो, जेसीबीने पसरतो, दोन दिवसांत रस्ता तयार" असं म्हणाला आणि खरंच दोन दिवसांत केलं, मला फोटो पाठवले, काळीभोर खडी, मस्त दिसत होतं, मी सगळे पैसे लगेच पाठवून मोकळी झाले. खाली खणणं नाही, सोलिंग म्हणजे दगडांचा पाया नाही, रोलर नाही, बाजूला चर नाही. सरळ मातीवर खडी. आणि आपल्याकडे पाऊस काय असतो ते सांगायला नको, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर, त्यातला बराचसा जून-जुलैमध्ये. पहिल्या मोठ्या सरीत वरच्या बाजूची खडी सुटून खालच्या वळणावर ढीग झाला, मधोमध पाण्याने नाली पाडली, उरलेली चाकाखाली चिखलात गेली. फोन केला तर म्हणाला पाऊसच जास्त झाला. नंतर फोन उचलणंच बंद.

त्यानंतर जुलैमध्ये मी रजा टाकून गेले. पलीकडच्या गावात एक काका आहेत, बागांचे रस्ते, गडगे, विहिरीचं बांधकाम अशी कामं करतात. त्यांना फोन केला, म्हटलं बघायला या आणि रेट सांगा. बाहेर धो धो पाऊस, मला वाटलं थांबला की येतील, तर ते म्हणाले, "आत्ताच येतो, पावसातच बघायला पायजे, उन्हात येऊन काय कळणार?" आणि आले, छत्री घेऊन, पायात चप्पल. अर्धा तास रस्त्याकडे बघितलंच नाही त्यांनी! घराच्या मागे गेले, पागोळ्यांचं पाणी कुठे जातं ते बघितलं, वरच्या आंब्याच्या बागेतून किती पाणी उतरतं ते बघितलं, मग जिथे जिथे पाणी रस्त्यावर चढत होतं तिथे तिथे काठी रोवली. पाच काठ्या झाल्या. मग म्हणाले आत्ता काम करायचं नाही, दिवाळीनंतर करू, जमीन वाळू दे. काम ह्यांनाच द्यायचं हे तेव्हाच ठरवलं.

डिसेंबरमध्ये काम झालं आणि मी आठ दिवस तिथेच राहिले. आधी चर. दोन्ही बाजूंनी, आणि जिथे बागेतलं पाणी रस्ता ओलांडतं तिथे 300 मिलिमीटरचा ह्यूम पाईप, म्हणजे काँक्रीटचा गोल पाईप. मी म्हटलं बारीक पाईप चालेल की, तर काकांनी फणसाची चार-पाच पानं उचलून हातात चुरगाळून दाखवली, म्हणाले ही एवढी पानं पहिल्याच पावसात त्याचं तोंड बंद करतील. चढ जास्त असल्यामुळे रस्त्यावरच दर 40 फुटांवर एक तिरकी दगडी पट्टी बसवली, म्हणजे पाणी वरून खालपर्यंत धावत वेग घेत नाही, मध्येच बाजूच्या चरात उतरतं. माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि खर्च म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही, तिथलेच दगड.

मग 9-10 इंच खणून सहा इंचांचं डबराचं, म्हणजे मोठ्या ओबडधोबड दगडांचं सोलिंग, दगड हाताने उभे लावून मधल्या फटीत छोट्या चिपा ठोकल्या. त्यावर 40 मिलिमीटरची खडी चार इंच, रोलर, मग फटी भरायला कच (क्रशरची बारीक चुरी), पाणी मारून परत रोलर. रोलर कडेकडून मध्याकडे आणायचा, मधून सुरुवात केली तर माल कडेला पळतो. मध्यभाग कडेपेक्षा दोन-अडीच इंच उंच ठेवला, दोरी लावून. कडेला चिऱ्यांची ओळ पुरली, नाहीतर गाडीच्या वजनाने खडी हळूहळू बाहेर सरकत जाते. खडी क्रशरचीच घ्या, धारदार कोनांची, ती एकमेकांत अडकून बसते. नदीतले गोल गोटे दिसायला छान असतात पण पायाखाली फिरतात, वयस्कर माणूस घरात असेल तर अजिबात नको.

आता मालाचा हिशेब, कारण फसवणूक इथेच होते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. माझा रस्ता 180 फूट लांब, 10 फूट रुंद, सहा इंच सोलिंग म्हणजे 900 घनफूट, 9 ब्रास. दाबल्यावर माल बसतो म्हणून त्याच्यावर पाव ते एक तृतीयांश जास्त धरायचा. डंपर आला की टेप घेऊन चढायचं, लाजायचं नाही. आमचा डंपर आतून 12 बाय 7, माल तीन फूट, म्हणजे 252 घनफूट, अडीच ब्रास. काकांनी स्वतःच वहीत अडीच लिहिलं. आधीच्या माणसाने तेवढ्याच डंपरचे तीन-तीन ब्रासचे पैसे लावले होते आणि आता ते जुने फोटो बघितले तर माल फाळक्याच्या, म्हणजे डंपरच्या बाजूच्या फळीच्या, कितीतरी खाली दिसतोय. गौण खनिजाचा (दगड-खडीचा) सरकारी वाहतुकीचा पास पण प्रत्येक खेपेला मागून घ्या.

बरेच जण विचारतात काँक्रीटच का नाही केलं. एक म्हणजे खर्च. दुसरं म्हणजे रस्त्याला लागून वडिलांनी लावलेले दोन हापूस आहेत, मुळांवर काँक्रीट ओतायला माझं मन तयार नव्हतं. आणि खडीचा रस्ता बिघडला तर गावातला माणूस फावडं घेऊन दुरुस्त करू शकतो.

पण दुरुस्ती लागतेच, आणि ती कामाबरोबरच ठरवायची. आम्ही साध्या कागदावर लिहिलं: 80 टक्के पैसे काम झाल्यावर, 20 टक्के एक पावसाळा गेल्यावर. त्यानंतर वर्षातून दोन फेऱ्या, त्याचे वेगळे पैसे. मे अखेरीस चर आणि पाईप साफ करणं, गवत काढणं. ऑक्टोबरमध्ये कडेला सरकलेली खडी दाताळ्याने परत मध्ये ओढणं, खड्डा असेल तर तो नुसता भरायचा नाही, आधी खालचा चिखल काढून कडा उकरून मग खडी, कच, पाणी आणि वरून धुम्मसने, म्हणजे जड ठोकण्याने, ठोकून बसवायचं. शिवाय वर्षाला ट्रॉलीभर नवीन माल. काकांनी 20 टक्क्यांवर एका शब्दाने कुरकुर केली नाही, उलट म्हणाले, "बरोबर हाय, पावसाने पास करू दे."

दोन पावसाळे झाले. पहिल्या ऑक्टोबरमध्ये मी त्यांना उरलेले पैसे द्यायला गेले तेव्हा ते आधी रस्ता चालून आले, दोन ठिकाणी पाय आपटून बघितला, एका जागी पोकळ वाटलं तिथे दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला, मगच पैसे घेतले.

यंदा फाटकाजवळ एका जागी पाणी साचतंय, आईने व्हिडिओ पाठवला. स्वतः तिथपर्यंत चालत जाऊन, छत्री एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात, मागे पावसाचा आवाज आणि तिचं सुरू, "हे बघ, इथे, चपलेच्या तळव्याएवढंच आहे पण त्यांना सांग." सांगितलंय. पुढच्या आठवड्यात ट्रॉली येतेय.