तीन भिंतींची चावडी

ऑस्लोत इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं होतं: इथला माणूस अनोळखी माणसाशी आपणहून बोलत नाही. बसमध्ये दोघांच्या बाकावर एक जण बसलेला असेल तर दुसरा उभा राहील, पण शेजारी बसणार नाही. त्यामुळे ईस्टरच्या सुट्टीत ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या डोंगरातल्या ह्युत्तेवर बोलावलं, तेव्हा चार दिवस मौनात जाणार असं धरून मी दोन पुस्तकं आणि लसणाच्या चटणीची बाटली घेऊन निघाले.

ह्युत्ते म्हणजे सुट्टीचं लाकडी घर. जेमतेम ५५ लाख वस्तीच्या नॉर्वेत अशी ४ लाखांहून जास्त घरं आहेत. हिचं हालिंगदाल खोऱ्यात, गोल गावाच्या वरच्या पठारावर. (गावाचं नाव खरंच 'गोल' आहे. आईला फोनवर तीनदा सांगावं लागलं.) घरं एकमेकांपासून लांब, तीही अशी बेतून बांधलेली की कुणाच्या खिडकीतून कुणाची खिडकी दिसू नये. माणसं इथे माणसांपासून सुटका म्हणूनच येतात, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रीण म्हणाली, "चल, गापाहूकला जाऊ."

भूर्जांच्या झाडीत एक लाकडी आडोसा होता. तीन भिंती, मागे उतरतं छप्पर, पुढची बाजू सताड उघडी आणि तिच्यासमोर दगडांच्या रिंगणात जाळ. आजूबाजूच्या ह्युत्तेवाल्यांनी मिळून तो बांधलाय, 'दुग्नाद' करून. सगळ्यांनी बिनपैशाचं काम करायचं आणि शेवटी एकत्र खायचं, याला दुग्नाद म्हणतात. आजोबांकडून ऐकलेली इर्जिक आठवली. एकाच्या शेतात सगळ्यांचे नांगर आणि मग त्याच्या घरी जेवण. फरक इतकाच की इथे काम कुणा एकाचं नसतं.

नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ. बसायला फोमचा तुकडा आपला आपण आणायचा. जळण वापरलंत तर निघण्याआधी तेवढं फोडून ठेवायचं. मला कुऱ्हाड धरता येत नाही हे पाहून कुणी हसलं नाही. एका आजोबांनी फक्त माझा पाय धरून बाजूला सरकवला.

काळ्याठिक्कर किटलीत जाडसर दळलेली कॉफी थेट उकळत होती. गाळायची नाही, गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं. काठीला पीठ गुंडाळून पाव भाजत होते. सॉसेज बटाट्याच्या मऊ पातळ पोळीत, 'लोम्पे'त, गुंडाळून हातात येत होतं. त्यावर मी चटणी भुरभुरली. आजोबांनी बाटली मागितली आणि परत करायला बराच वेळ लावला.

आणि बोलणं! स्कीला कुठलं मेण लावायचं, यावर तासभर. कडक थंडीत निळं, बर्फ ओलसर झाला की लाल. पण आज पारा शून्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर दोन तट पडले. त्यातून विषय कुणाच्या गुडघ्यावर, कुणाच्या घटस्फोटावर गेला. इतकं मोकळं बोलणं मी ऑस्लोत कधी ऐकलं नव्हतं.

मला वाटतं, किमया जाळाची आहे. तिथे कुणी कुणाकडे बघतच नाही. सगळे एका रांगेत, सगळ्यांची नजर विस्तवावर. मध्येच गप्प बसावंसं वाटलं तर एक ढलपी आत सरकवायची. तेवढं केलं की दहा मिनिटं कुणी विचारत नाही. आपल्याकडे बोलायचं म्हणजे समोरासमोर बसायचं, चहा ठेवायचा, "आणि काय विशेष?" विचारायचं. या लोकांना तेच झेपत नसावं.

दोन आठवड्यांनी ऑस्लोच्या मेट्रोत चटणीवाले आजोबा दिसले. मी हात हलवला. त्यांनी मान जेमतेम अर्धा इंच खाली केली आणि खिडकीबाहेर बघू लागले. गाडी बोगद्यात होती.